उलटा ठसा

रविवारी लक्ष्मीपुरीत, जुन्या सामानाच्या फडक्यावर,
बंद पडलेली घड्याळं आणि पितळी तोट्या यांच्या मधे
प्लॅस्टिकच्या पिशवीत एकटाच
दस्तगीर शिकलगार.
इनसाइड लेफ्ट.
पत्त्यातल्या गुलामाएवढा.

केवडा छाप चहाच्या पुडीतलं कार्ड.
पावशेर चहाला एक खेळाडू, चौदा जमले की एक चेंडू फुकट,
आणि चौदावा कुणालाच मिळायचा नाही.
गालाला गुलाबी जरा जास्तच,
बनियनचा लाल रंग रेघ सोडून बाहेर आलेला.

"हात नको काका. साडेचार हजार.
डावखुरा हाय बघा गडी.
हॉकीत डावरी काठीच नसती.
छापताना घोळ झालाय, म्हणून तर भाव.
सुलटा पाहिजे तर पन्नासला देतो."

मी त्याला सांगितलं नाही
की घोळ आमच्या घरातला आहे.

शाहूपुरीत, ट्रेडलच्या खडखडाटात
रात्री दीड वाजता
वडिलांनी तपासलं ते फक्त नाव.
शि ऱ्हस्व, क पुरा, ल-गा-र.
खिळे उलटे वाचायची सवय इतकी
की उलटा माणूस त्यांना सुलटाच दिसला.
पाच हजार कार्डं वाळत पडली दोऱ्यांवर
आणि सकाळी झाडणारा पोरगा म्हणाला,
"मिस्त्री, ह्येची काठी पलीकडं का?"

मालक ओरडले नाहीत.
पगारातून महिना तीन रुपये, दीड वर्ष.
त्या दीड वर्षात घरात केवडा चहा आला नाही,
आम्ही गुळाचा पीत होतो, बिनछापाचा.

दस्तगीर त्याच छापखान्यात यायचा, महिन्याला एकदा,
कटिंग मशीनच्या पात्याला धार लावायला.
सायकलच्या नळीला बांधलेली हॉकी,
कॅरियरवर सहाण.
त्या महिन्यात वडील मागच्या खोलीत कागद मोजत बसले,
मोजलेलेच परत मोजत.
तो आत गेला. कार्ड उजेडाकडं धरलं,
कडेवरनं अंगठा फिरवला, पातं बघतात तसा.
"बरं केलंस मिस्त्री.
आता समोरचे सगळे इकडं बघणार
आणि मी तिकडनं जाणार."
मग दहा कार्डं मागून घेतली.
आणि धारेचे पैसे
नेहमीसारखे मोजून घेतले, एक आणा न सोडता.

त्यातलं एक पापाच्या तिकटीला
रंगराव काशीदच्या सलूनमधे लागलं,
आरशाच्या बरोबर समोरच्या भिंतीला.
खुर्चीच्या हातांवर टाकलेल्या फळीवर बसून,
मान खाली घाल म्हटलं की वर करून, मी बघायचो:
आरशात दस्तगीर बरोबर.
काठी बरोबर, मनगट बरोबर, चेंडू उजव्या पायाशी,
फक्त नाव कुठल्या तरी मुलखाच्या भाषेत गेलेलं.
मला नुकतीच अक्षरं येत होती.
मला वाटायचं, मोठा माणूस झाला
की नाव असंच लिहितात.

वडील तिथंच दाढी करायचे.
फेस लावलेला चेहरा आरशाकडं,
नजर आरशातल्या माणसाकडं.
पाठीमागच्या भिंतीकडं त्यांनी कधी मान वळवली नाही,
उठताना, पैसे देताना, पायऱ्या उतरतानाही.

मी शेवटी दस्तगीरला बघितलं तेव्हा
तो कुणाच्या तरी लग्नाच्या मांडवाबाहेर
आचाऱ्यांच्या सुऱ्या घासत होता.
पोरं म्हणत होती, ह्यो हॉकी खेळायचा म्हणं.
त्यानं वर बघितलं नाही.
चाक फिरवताना पाय मात्र अजून
चेंडू अडवल्यासारखा आतल्या अंगानं पडत होता.

"बघू तर दे," मी म्हटलं.
पोरगा नाइलाजानं पिशवी हातात देतो.
मी दोन पावलं सरकतो,
कुणाच्या तरी स्कूटरच्या आरशासमोर कार्ड धरतो.
आरशाला तडा आहे.
तड्याच्या अलीकडं काठी, पलीकडं चेंडू,
मी हात किंचित हलवतो,
आणि तो निघतो, उजवीकडनं, लाल रंग मागं सांडत,
पुन्हा हलवतो, पुन्हा निघतो.

"ओ काका,
घेणार हाय का नुसतं खेळवणार?"